घाटावर दिलेला शब्द

आमच्याकडे माणसाला काय हवं होतं हे तो गेल्यावर दहाव्या दिवशी विचारतात. नदीच्या घाटावर भाताचा पिंड ठेवायचा, चार पावलं मागे सरायचं आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा पिंडाला शिवला तर जीव सुटला. नाही शिवला तर काहीतरी मागे राहिलंय. मग एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि अंदाजानं बोलायला लागतो. पोरांकडे बघू. घराचं काम पुरं करू. बहिणीला अंतर देणार नाही. ज्या बोलण्यावर कावळा खाली येईल तेच गेलेल्याच्या मनात होतं असं धरतात, आणि ज्यानं शब्द दिला त्याला तो पाळावा लागतो.

मी बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कावळ्यावर मला अख्खा तास बोलता येतं. तो हुशार असतो, गर्दीला बिचकतो, माणसांचे चेहरे लक्षात ठेवतो. माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी त्या पिंपळाकडे डोळे लावून उभी होते. कावळा होता. फांदीवर बसून आमच्याकडेच बघत होता. दीर म्हणाले, मुलाचं शिक्षण आम्ही पुरं करू. नणंद म्हणाली, वहिनीला एकटं पडू देणार नाही. ह्यांना आवडायची म्हणून कुणीतरी जिलेबी आणून ठेवली, चहाचा कप ठेवला. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बायकोला तर माहीत असणारच. मला काही सुचेना. हा माणूस रोज पाटबंधारे खात्यातून परत यायचा, चहा प्यायचा आणि अंधार पडेपर्यंत गॅलरीत गप्प बसून राहायचा. तिथे बसून तो काय मागत होता कोण जाणे. ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला. अडलेल्यांसाठी तशी सोय आहे.

याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही गॅलरीच्या गजावर कावळा येऊन बसला की मी हातातलं काम टाकते. त्याच्याकडे बघून मनातल्या मनात विचारते, काय हवं होतं तुम्हाला? तो मान तिरकी करतो आणि उडून जातो. मी विज्ञानाची बाई, हे कुणाला सांगायची सोय नाही.

तर अशा बाईकडे कॉलेजनं पोरांना आयुष्याची दिशा दाखवायचं काम दिलं. दिलं म्हणजे काय, मीटिंगमध्ये प्राचार्यांनी विचारलं की हे कोण घेणार, तेव्हा सगळे आपापल्या चपला बघत बसले आणि मी हो म्हणून टाकलं. जिन्याजवळची एक खोली मिळाली. आधी तिथे आमच्या विभागाच्या बाटल्या असायच्या, बेडूक आणि सापाची पिल्लं घातलेल्या. बाटल्या हलवल्या तरी त्या औषधाचा वास काही गेला नाही.

सुरुवातीला मी पुस्तकात असतं तसं विचारायची. तुमची आवड काय? तुम्हाला कशातून समाधान मिळतं? पोरं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायची. आवड आमच्याकडे जेवताना विचारतात, वाढायच्या आधी. बाकी सगळ्यांची उत्तरं तयार असायची. एमपीएससी. पोलीस भरती. बी.एड. कारखान्यात कुठेतरी चिकटायचं. उत्तर देताना पोरांच्या तोंडावरची माशी हलायची नाही, आणि मला वैताग यायचा. एवढी तरणीताठी पोरं आणि दुसऱ्याचा निरोप सांगितल्यासारखं आपलं आयुष्य सांगतात!

त्या वैतागातूनच एक दिवस मी वेगळा प्रश्न विचारला. म्हटलं, तुम्ही अमुक व्हायचं हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं? कुठे? आठवून सांगा. खोलीत चुळबुळ सुरू झाली. कुणी म्हणालं, मामा बोलला, बहिणीच्या हळदीत. कुणी म्हणालं, नववीचे सर. मोरगावकडचा एक आडदांड मुलगा बराच वेळ आठवत बसला आणि मग त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "मॅडम, एसटीत. शेजारी एक बाबा बसला हुता. माझी छाती बघून बोलला, तू पोलिसात जाशील. मी घरी येऊन सांगितलं, आन तवापास्नं समदी तेच बोलत्यात." स्वतःच खो खो हसायला लागला. वर्ग हसला, मीही हसले.

एक मुलगी हसली नाही. शेवटच्या वर्षाला होती, इंदापूर तालुक्यातल्या शेळगावची. वर्गात पहिल्या दुसऱ्या बाकावर बसणारी, वही नीट ठेवणारी, पण तासाला कधी तोंड न उघडणारी. तिचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचंय. आमचे तात्या बोलले. नदीवर, आईच्या दहाव्याला."

हसणं जागच्या जागी थांबलं. तिथल्या प्रत्येकाला पुढचं न सांगता कळलं होतं.

नंतर ती एकटी आली. आत आल्या आल्या विचारलं, "मॅडम, खिडकी लावू का?" बाहेर कडुनिंब होता आणि त्यावर नेहमीचे कावळे. तिनं खिडकी लावली, वर खिडकीकडे पाठ करून बसली, आणि मग सगळं सांगितलं.

ती दहावीत असताना आई आजारी पडली. बारामतीला दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं, आणि घरी आणलं याचा अर्थ सगळ्यांना कळला. नीरेच्या काठी दहावा झाला. कावळा येईना. मामा बोलला, भाचरांना उघडं पडू देणार नाही. चुलती बोलली, पोरीला आईची माया देईन. कुणी म्हणालं, चांगलं घर बघून लग्न करू. कावळे झाडावर होते पण खाली यायचं नाव नाही. वडील, म्हणजे तात्या, चार माणसांत कधी तोंड न उघडणारा माणूस. ते एकदम उठले आणि घाट दणाणेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पोरीला डाक्टर करतो! तुला झालं ते दुसऱ्या कुनाच्या आईला हुऊ द्यायचं न्हाय." आणि कावळा खाली आला.

"सगळा घाट रडला," ती म्हणाली. त्या दिवसापासून गावात तिला कुणी नावानं हाक मारत नाही. गिरणीत दळण घेऊन गेली तरी लोक म्हणतात, डॉक्टरीणबाई आल्या, आधी त्यांचं दळून द्या. प्रवेश परीक्षा तिनं दोनदा दिली. दोन्ही वेळा राहिलं. म्हणून बी.एस्सी. पण तात्यांनी धीर सोडलेला नव्हता. दसऱ्यानंतर तिला लातूरला क्लासला ठेवायचं ठरलं होतं, शेवटचं वर्ष अर्धवट सोडून. ती जाणार की नाही, एवढाच प्रश्न होता. खरं तर तोही नव्हता, कारण घरात कुणाला तो प्रश्न वाटतच नव्हता.

मला एक गोष्ट आठवली. आदल्या वर्षी आम्ही मुलांना एका दवाखान्याची प्रयोगशाळा बघायला नेलं होतं. ही फाटकापाशी थांबली. चक्कर येते म्हणाली आणि रिक्षा स्टँडवर जाऊन बसली. आता विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की आईला ठेवलं होतं त्या रस्त्यानं ती अजून जात नाही. हॉस्टेलवरून एसटी स्टँडला जायचं तर उलटा फेरा मारून जाते.

"तुला दवाखान्याच्या दारात उभं राहवत नाही आणि तू डॉक्टर होणार?"

"व्हावं लागंल ना मॅडम. आई बसलेली असती."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तर ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. हॉस्टेलच्या खोलीत ती अभ्यासाला बसली की कॉटच्या पायथ्याशी आई येऊन बसते. दिसत नाही, पण गादी तेवढी दबते. पुस्तक उघडं आहे तोवर शांत असते. पुस्तक मिटलं की खोकते. शेवटच्या दिवसांत खोकायची, तसंच. म्हणून ती पुस्तक उघडं ठेवूनच झोपते.

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणूनच पारा चढला. मी तडकून म्हटलं, "कावळा भुकेला होता. माणसं मागे सरली, एक जण ओरडला, सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तेवढ्यात त्यानं डाव साधला. एवढंच झालं त्या दिवशी."

"मग आधी का न्हाय आला?" तिनं विचारलं. उलट बोलण्यासाठी नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो पिंपळ आला, आणि फांदीवरून आमची फजिती बघणारा तो कावळा. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये.

ती येत राहिली. आम्ही फारसं काही करत नव्हतो. मी जर्नलं तपासायची, ती समोर बसायची. मी विचारायची, डॉक्टर हा शब्द बाजूला ठेवला तर काय उरतं? ती प्रामाणिकपणे विचार करायची आणि म्हणायची, काहीच नाही. तिला कुठलं काम करताना वेळ कळत नाही, कशाचा राग येतो, शेजारच्या कुणाचं आयुष्य पाहून हेवा वाटतो, मी सगळ्या बाजूंनी विचारून पाहिलं. आत कुणी राहत नसलेल्या घराची कडी वाजवत बसल्यासारखं वाटायचं. घरी आल्यावर मला जेवण जायचं नाही. ही पोर माझ्यासमोर बसून, श्वास घेत असताना, मी तिच्याबद्दल अंदाज करत होते. घाटावर करतात तसेच.

मग भाद्रपद आला, पौर्णिमा झाली, पितरांचा पंधरवडा लागला. एका दुपारी तिनं मलाच विचारलं, "मॅडम, तुमच्यात कुनाला कावळा शिवलाच न्हाय, असं झालंय का?"

आजवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. गॅलरी, पिंपळ, जिलेबी, दर्भाचा कावळा, आणि अजूनही गजावर बसणाऱ्या प्रत्येक कावळ्याला मी काय विचारते ते. सांगताना मला लाज वाटली नाही. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती उठली, दाराला कडी घातली आणि परत येऊन बसली.

"तात्या बोलत हुतं ना, तवा मीबी मनात बोलले," ती म्हणाली.

"काय?"

"म्हनलं, जा आता. परत घरी येऊ नको. मला भ्या वाटतंय तुझं."

आजारानं आईचा चेहरा ओळखू न येण्यासारखा झाला होता. रात्री ती हाका मारायची, आणि ही गोधडी डोक्यावरून घेऊन झोपेचं सोंग करायची. मेल्यावरही आई घरात फिरेल या धास्तीनं दहा दिवस ती झोपली नव्हती. म्हणून घाटावर हात जोडून तिनं आईला जायला सांगितलं. आणि नेमका तेव्हाच कावळा आला.

"कुनाच्या शब्दानं आला, मॅडम? तात्यांच्या का माझ्या?" तिनं विचारलं. "तात्यांच्या शब्दानं आला असंल तर मला डॉक्टर व्हायलाच पायजे. माझ्या शब्दानं आला असंल तर मी आईला हाकलून दिलं. मी डॉक्टर झाले की समद्यांचं बरोबर हुईल. ती तात्यांच्या शब्दानं गेली असंच हुईल. मग माझं कुनाला कळनार न्हाय."

म्हणजे ती डॉक्टर व्हायला बघत होती ते आईची इच्छा पुरी करायला नाही, तात्यांचा शब्द राखायलाही नाही. आपण पंधरा वर्षांच्या असताना मनात म्हटलेलं एक वाक्य झाकायला. त्या वाक्यावर ती अख्खं आयुष्य रचून ठेवणार होती.

मार्गदर्शन कक्षाची प्रमुख म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो. मग ती डोळे पुसून म्हणाली, "अविधवा नवमीला आईचं पान असतं. तुम्ही याल?" मी म्हटलं, अगं, त्या दिवशी सवाष्ण जेवायला बोलवतात, माझ्यासारखीला नाही. ती म्हणाली, "सवाष्ण काकू आणतील. तुम्ही माझ्यासाठी या. मला तात्यांना सांगायचंय."

नवमीला मी इंदापूरची एसटी धरली आणि शेळगावच्या फाट्यावर उतरले. ती स्कूटी घेऊन आली होती. दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढा ऊस, त्यातून रस्ता, पुढे स्लॅबचं घर. चुलीवर काकू वडे तळत होत्या. मला बघून त्यांचा झारा क्षणभर थांबला, पण तात्यांनी स्वतः पाट मांडला. शांत, रापलेला, पांढऱ्या टोपीतला माणूस. "मॅडम, तुमीच सांगा," ते म्हणाले, "पोरगी हुशार हाय का न्हाय? औंदा नक्की निघंल." हुशार आहे, एवढंच मी म्हटलं. तिच्या हातात पान होतं: खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. आम्ही तिघं जिना चढून गच्चीवर गेलो. तिनं पान कठड्यावर ठेवलं, पाणी फिरवलं आणि मागे सरली. तात्यांनी टोपी काढली. लांबच्या विजेच्या खांबावर दोन कावळे होते.

मला वाटलं होतं ती जेवणं झाल्यावर बोलेल. पण ती तिथेच बोलली, पानाकडे बघत. घाटावर मनात काय म्हटलं होतं ते सगळं, शब्दन् शब्द. गोधडी, हाका, सोंग. आणि शेवटी, "तात्या, मला लातूरला न्हाय जायचं. मला दवाखान्याच्या दारातबी उभं ऱ्हाता येत न्हाय."

तात्या हलले नाहीत. टोपी हातात तशीच. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली, आणि स्वतःचा रागही आला, की मी या पोरीला इथवर येऊ दिलं. खालून काकूंचा आवाज आला, "शिवला का?"

"न्हाय अजून," तात्या म्हणाले. मग खाली बसले, भिंतीला टेकून. खांबावरचा एक कावळा उडून दुसऱ्या शेतात गेला.

"मलाबी भ्या वाटायचं," ते म्हणाले.

तिनं वळून पाहिलं.

"शेवटी शेवटी तिच्याजवळ बसवायचं न्हाय. पाणी पाजायचं म्हनलं तरी हात कापायचा. मी गोठ्यात जाऊन झोपायचो, म्हस व्यायला झालीय म्हनून सांगायचो." त्यांनी टोपीची घडी घातली, मोडली, परत घातली. "ती डाक्टर हा शब्द कधी बोलली न्हाय, पोरी. मीच बोललो. जावी म्हनून बोललो. लवकर जावी म्हनून एवढ्या मोठ्यानं बोललो."

ती तशीच त्यांच्याजवळ जाऊन बसली. बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते. इतकी वर्षं एका घरात दोघं त्याच एका गोष्टीला घाबरत राहिले होते, बाप गोठ्यात आणि लेक गोधडीत. मला माझ्या गॅलरीतला माणूस आठवला. त्याच्या शेजारी खुर्ची रिकामी असायची. मी स्वयंपाकघरातून त्याची पाठ बघायची आणि त्याला एकटं बसायला आवडतं असं धरून चालायची.

"मग तुला काय पायजे?" तात्यांनी विचारलं.

इतका साधा प्रश्न. मी महिनोन् महिने तो फिरवून फिरवून विचारला होता. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

"म्हाईत न्हाय, तात्या. कधी इचारच केला न्हाय."

"मग कर. मी हाय हितंच." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "कावळ्यासाठी ऊन डोक्यावर येईपतोर थांबलो हुतो. तुझ्यासाठी थांबतो की."

ती उठली आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिली, उघड्या रानाकडे तोंड करून. वारा सुटला होता. ती विचार करत होती. मी आजवर तिला अशी विचार करताना पाहिलं नव्हतं, कपाळाला आठी घालून, ओठ हलवत. तात्या तिच्याकडे बघत होते आणि मी दोघांकडे.

खालून काकूंनी परत विचारलं, शिवला का. आमच्यापैकी कुणीच पानाकडे बघत नव्हतं.